कोरं वर्तुळ

ताटं उचलली गेल्यावर नव्या सुनेनं डॉक्टरांचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. जेवताना तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. लग्नाला अकरा वर्षं होऊनही या घरात ती अजून नवीच सून होती, कारण तिच्यानंतर दुसरी आलीच नाही. पण नवेपणाचा एक फायदा तिला पुरता ठाऊक झाला होता. जे विचारायची जुन्यांची छाती होत नाही ते नव्या माणसानं विचारलं, की लोक आधी रागावतात आणि मग उत्तर देतात.

कागदावर चौकोन आणि वर्तुळं होती. चौकोन पुरुषांचे, वर्तुळं बायकांची. नवरा-बायकोत आडवी रेघ, त्यांच्यापासून मुलांकडे उतरणारी उभी रेघ. सगळ्यात खाली एक छोटंसं वर्तुळ होतं आणि त्याच्याकडे डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं बाण काढला होता. ते भिंगरीचं.

भिंगरी आठ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून हे नाव. तिच्या बापाचं चष्म्यांचं दुकान होतं आणि तीन महिन्यांपूर्वी गंमत म्हणून त्यानं एक लाल फ्रेम तिच्या नाकावर ठेवून पाहिली होती. तेव्हा त्याला दिसलं, की डाव्या डोळ्याच्या दोन पापण्या पांढऱ्या झाल्या आहेत आणि डोळ्याच्या कोपऱ्याशी कातडी फिकी पडली आहे. चष्मेवाल्याच्या स्वतःच्या दोन्ही हातांवर, बोटांपासून मनगटापर्यंत, असेच पांढरे पट्टे होते. दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक त्या हातांकडे बघून मान मागे घ्यायचं, आणि तो न चिडता सांगायचा, ‘‘हाताकडे नको, समोरच्या अक्षरांकडे बघा.’’ त्या दिवशी मात्र त्यानं फ्रेम डबीत ठेवली आणि भर दुपारी दुकान बंद करून लेकीला घरी नेलं.

या घराला त्या गोष्टीसाठी शब्दच नव्हता. म्हणजे होता, पण तो दुसऱ्याच कामाचा. खाली रंगाऱ्यांचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या, असं हे घर. चार पिढ्या सूत आणि कापड रंगवण्यात गेलेल्या. कारखान्यात ‘डाग’ हा शब्द तोंडातून काढायला बंदी होती. रंगाऱ्याच्या तोंडी डाग म्हणजे गवंड्याच्या तोंडी भेग. कापडाला एखाद्या जागी रंग धरला नाही तर म्हणायचं, ‘कोरं राहिलं’. चौतीस वर्षांपूर्वी चष्मेवाल्याच्या हातांवर पांढरं दिसायला लागलं तेव्हा त्याचे आजोबा, आप्पा, एवढंच म्हणाले होते, की पोराच्या हाताला कोरं राहिलं. तोच शब्द पुढे चालला. त्यामुळे डॉक्टरांनी ‘कोड’ म्हटलं तेव्हा भिंगरीनं तो शब्द या अर्थानं जन्मात पहिल्यांदा ऐकला. तिला ठाऊक होते ते लाडकोड. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं वर्गभर सांगितलं, की मला कोड आहे, डॉक्टरांनीच सांगितलं, आणि आता सगळ्यांनी माझे पुरवायचे. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. नव्या सुनेनं ती वाचली, आधी हसली, मग मोरीत जाऊन रडून आली.

आता तीच भिंगरी टेबलावर कोपरं टेकून, नमुन्याच्या छोट्या बाटल्यांमधला उरलासुरला रंग ब्रशानं ढवळत बसली होती. कागद भरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं.

चष्मेवाल्याच्या वडिलांना, अण्णांना, हा सगळा प्रकार पसंत नव्हता. पासष्टाव्या वर्षीही कारखाना तेच चालवत होते आणि रविवारी दुपारी त्यांना झोप लागायची. ‘‘डॉक्टरला औषध देता येतं ना? मग द्यावं,’’ ते सुनेला म्हणाले. ‘‘आपल्या घराचा पंचनामा कशाला हवाय त्याला?’’

सुनेनं शांतपणे सांगितलं, की औषध दिलं आहे. मलम आहे, पुढे लागलं तर प्रकाशाचे उपचार आहेत, चेहऱ्यावरचं पुष्कळदा भरून येतं, पण हमी कुणी देत नाही. कागद हवाय तो दुसऱ्या कारणासाठी. हे रक्तातून उतरू शकतं. त्याच्याबरोबर इतरही काही आजार घराण्यात फिरतात, तेही डॉक्टरांना आधीच ठाऊक असलेले बरे. मग तिनं यादी वाचली. थायरॉइड कुणाला आहे? लहान वयात मधुमेह? डोक्यावर चाई पडलेली? तिशीच्या आत पिकलेले केस?

अण्णा छताकडे बघू लागले.

‘‘पित्ताच्या गोळीचं सांग की,’’ टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, चष्मेवाल्याची आत्या, आणि आता घरादाराचीच आत्या. एकसष्ट वर्षांची. गावात दोऱ्यांच्या दुकानात कामाला होती. कापडाचा कपटा हातात धरून तीनशे रिळांतून नेमकं रीळ काढायची, दिवा न लावता.

‘‘कुठली गोळी?’’ सुनेनं विचारलं.

‘‘रोज पहाटे उपाशीपोटी घेतो ती. नऊ वर्षं झाली. पित्ताची म्हणतो. डबीवर थायरॉइडची म्हणून लिहिलंय.’’

अण्णांचे कान लाल झाले. बहिणीनं आपली डबी वाचावी याचा राग, की नऊ वर्षं वाचूनही ती बोलली नाही याचं बरं वाटणं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. ते म्हणाले, की लिहा, लिहा, आता उरलंय काय. चष्मेवाला तोंडावर हात धरून हसला. सुनेनं अण्णांच्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं.

तेवढ्यात तिचं लक्ष रंगकामाकडे गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ज्यांना कोड आहे त्यांचा आकार भरून काळा करा, बाकीचे रिकामे ठेवा. भिंगरीनं नेमकं उलटं केलं होतं. आप्पांचा चौकोन निळा, अण्णांचा विटकरी, गेलेल्या आजीचं वर्तुळ हळदीसारखं पिवळं, आईचं हिरवं. बापाचा चौकोन आणि स्वतःचं वर्तुळ तिनं तसंच ठेवलं होतं, स्वच्छ.

‘‘अगं, उलटं झालं हे,’’ आई म्हणाली.

‘‘उलटं कसं? आपण दोघं कोरे राहिलो ना, मी आणि बाबा. बाकीच्यांना रंग धरला.’’

रंगाऱ्याच्या घरातलं पोर दुसरं काय करणार? चष्मेवाला म्हणाला, की राहू दे, डॉक्टरांना समजावून सांगू.

मग अण्णांनी जे विचारायचं होतं ते विचारलं. हे सगळं नेमकं होतं कसं? डॉक्टर म्हणाले काय?

सुनेनं जमेल तसं सांगितलं. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. आणि अंगात पहारेकरी असतात, बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंवर धावून जाणारे. काही माणसांत हे पहारेकरी चुकतात. रंगाच्या पेशी आपल्याच, पण त्यांनाच चोर समजून मारत सुटतात. असं चुकण्याचा कल जन्मतःच रक्तात असतो, एका जीनचा नव्हे, पुष्कळ जीन्सचा मिळून. आणि कल असला म्हणजे होतंच असंही नाही. आईला किंवा बापाला असलं तरी बहुतेक मुलांना होत नाही. भिंगरीला झालं.

‘‘आपलेच दात, आपलेच ओठ,’’ खिडकीजवळच्या खुर्चीतून माई म्हणाल्या.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. अण्णा आणि आत्याची आई शहाऐंशी वर्षांची होती आणि तिला ऐकू येत नाही असं घरात धरून चालायची पद्धत होती. माईंना हवं तेवढं ऐकू यायचं.

‘‘आणि त्या पहारेकऱ्यांना कुणी सांगत नाही का, की हा आपलाच माणूस आहे म्हणून?’’ अण्णांनी विचारलं. विचारता विचारता त्यांची नजर बहिणीकडे गेली आणि लगेच परतली. कारण आता पुढचा प्रश्न आला होता आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. ‘‘म्हणजे मग... हौदानं नाही झालं?’’

हौद हा शब्द या टेबलावर कित्येक वर्षांत निघाला नव्हता.

चौतीस वर्षांपूर्वी आत्या सत्तावीस वर्षांची होती आणि कारखान्यात तिच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नव्हती. सुताची ओली लड खिडकीशी धरून ती सांगायची, की अजून चिमूटभर तांबडा हवा, आणि आप्पा मुकाट्यानं टाकायचे. त्या दिवशी पाच वर्षांचा भाचा तिच्याजवळ होता. ती खिडकीकडे तोंड करून रंग बघत होती आणि तिच्या मागे पोरानं ब्लीचच्या हौदात दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. हात भाजले, सोलले, बरे झाले. आणि दोन महिन्यांनी बोटांवर पांढरं उमटलं. वहिनी फक्त एकदाच बोलली होती. ‘‘तुझं लक्ष रंगाकडे, आणि माझं पोर हौदात.’’ पुढे वहिनी जाईपर्यंत, म्हणजे सहा वर्षांपूर्वीपर्यंत, दोघींत कामापुरतं बोलणं उरलं. आत्यानं कारखान्यात पाऊल ठेवणं सोडलं. वरच्या खोल्यांमधून खाली जाणारा जिना कारखान्यातूनच जायचा, म्हणून ती मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करू लागली. पाऊस असो, पाय दुखत असो, मागच्याच जिन्यानं. आणि तेव्हापासून तिनं कुणाचं मूल एकटीनं कडेवर घेतलं नव्हतं. भिंगरी जन्मली तेव्हाही तिनं बाळाला लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, की माझे हात गार आहेत.

हे सगळं सुनेला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तिनं हा रविवार त्यासाठीच धरला होता. पण डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते पुरतं सांगणं भाग होतं, आणि ती खोटं बोलणारी नव्हती.

‘‘नुसत्या हौदानं होत नाही, अण्णा,’’ ती म्हणाली. ‘‘मुळात कल असावा लागतो. पण ज्याला कल आहे त्याला जखम झाली, भाजलं, तर त्या जागी उमटू शकतं. यांच्या हातांवर का आलं, ते कदाचित त्यामुळे.’’

आत्यानं मान हलवली. आपल्यावरचं काही उतरेल अशी आशा तिनं क्षणभर केली होती हे तिचं तिलाच आता कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

‘‘तेच तर,’’ ती म्हणाली. ‘‘असेल रक्तात काहीतरी. ठिणगी मीच टाकली.’’ आणि ती टेबलावरचे कण बोटानं गोळा करू लागली.

खिडकीजवळ माईंनी हे पाहिलं. लेकीचं ते कण गोळा करणं त्यांना लहानपणापासून माहीत होतं. शाळेत मार खाल्ला की घरी येऊन ती असंच करायची. माईंच्या मनात आलं, की आता गप्प राहिलं तरी चालण्यासारखं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. चौतीस वर्षं गेली, आपली आणखी दोन-चार. सून हुशार आहे, पण पाठ उघडी करून बघायला येणार नाही. पाठ बघितली ती एकाच माणसानं. तीन वर्षांपूर्वी माईंचं कमरेचं हाड मोडलं आणि आत्या त्यांना आंघोळ घालू लागली. पहिल्याच दिवशी तिचा साबणाचा हात पाठीवर मध्येच थांबला होता. पाणी वाहत होतं, हात थांबलेला. माईंनी डोळे मिटून वाट पाहिली. मग हात पुढे सरकला, आणि आत्यानं विचारलं, की पाणी फार गरम नाही ना.

त्या ‘पाणी फार गरम नाही ना’नं माईंची तीन वर्षं झोप उडवली होती. लेकीनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

भिंगरीचा ब्रश आता सगळ्यात वरच्या रांगेत पोचला होता. आप्पांच्या निळ्या चौकोनाशेजारच्या वर्तुळावर तिनं जांभळा रंग उचलला.

‘‘थांब,’’ माई म्हणाल्या. ‘‘माझं कोरं ठेव.’’

‘‘का? तुला तर रंग आहे.’’

‘‘पाठीला नाही.’’

सुनेच्या हातातलं पेन थांबलं. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. माईंनी त्यांना हातानंच खाली बसवलं आणि नातवाकडे तोंड केलं. बोलायला लागल्या तेव्हा आवाज बाजारात भाव सांगावा इतका साधा होता.

‘‘एकोणिसाव्या वर्षी आलं मला. खांद्यापासून कमरेपर्यंत. तुझ्या आजोबांना ठाऊक होतं. ते म्हणाले, आतलं कापड आहे, कुणाला दिसतंय. आम्ही तो विषय तिथेच मिटवला. आणि तुझ्याही कमरेवर होतं. वाटाण्याएवढं. मी आंघोळ घालायचे तुला, मला दिसलं.’’

‘‘कधी?’’ चष्मेवाल्यानं विचारलं.

‘‘हौदाच्या आधी. महिनाभर आधी.’’

भिंगरीच्या ब्रशावरून एक जांभळा थेंब कागदाबाहेर पडला आणि तो पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

‘‘माई,’’ अण्णा म्हणाले, ‘‘अगं, हिच्यावर सगळं आलं तेव्हा तू तिथेच होतीस.’’

‘‘होते.’’

‘‘आणि तू?’’ अण्णा बहिणीकडे वळले. ‘‘तुला पाठीचं माहीत होतं? तीन वर्षं? तू का नाही बोललीस?’’

आत्यानं गोळा केलेले कण बशीत टाकले. ‘‘म्हाताऱ्या माणसाला आंघोळीला उघडं बसवायचं, आणि वर आणखी काय विचारायचं?’’ ती म्हणाली. ‘‘पाठीचं कळलं तेव्हा वाटलं, की रक्तातून आलं असेल. पण हात तर भाजलेच होते ना. कमरेचं मला माहीत नव्हतं.’’ मग ती आईकडे वळली. ‘‘ते तू मला सांगायला हवं होतंस.’’

माईंना वाटलं होतं, की बोलून टाकलं म्हणजे हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता कारण सांगायचं उरलं होतं, आणि इतकी वर्षं मनात शहाणपणाचं वाटत आलेलं ते कारण तोंडाशी आल्यावर एवढंसं झालं.

‘‘तुला तेव्हा स्थळ आलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, हौद म्हटलं की ती एक चूक होते. मुलगी धांदरट आहे म्हणतील, चार दिवसांनी विसरतील. रक्तातलं आहे म्हटलं असतं तर तुझं लग्न झालं नसतं.’’

‘‘झालं का माझं लग्न?’’

‘‘नाही.’’

‘‘मीच नाही म्हटलं त्याला. चांगला माणूस होता. त्याला घरभर मुलं हवी होती.’’ आत्याचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. ‘‘मला वाटलं, माझ्या हातात मूल देऊ नये. मी रंग बघत बसते.’’

चष्मेवाला उठला. टेबलाला वळसा घालून तो आत्याजवळ आला आणि तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या हातात घेतले. हे हात तिनं चौतीस वर्षांत सरळ बघितले नव्हते. अबोल माणूस तो, दिवसभर लोकांच्या नाकाकानांशी काम करून घरी कमीच बोलायचा.

‘‘मला त्या दिवसाचं एकच आठवतं,’’ तो म्हणाला. ‘‘तू मला नळाखाली धरलं होतंस. माझे हात भाजले होते, पण कापत होते ते तुझे. मी रडायचा थांबलो आणि तुझ्याकडेच बघत बसलो. मला कधी राग आला नाही तुझा, आत्या. मला वाटायचं, तुलाच माझा आलाय. तू मला परत कधी उचललंच नाहीस.’’

आत्या रडली. आवाज न करता, मान खाली न घालता, सवय नसलेलं माणूस रडतं तशी. सुनेनं तोंड फिरवलं, कारण तिलाही आवरेना.

अण्णा मध्येच खाकरले. त्यांना वाटत होतं, की आपण या सगळ्यातून सुटलो. मग त्यांना कळलं, की सुटलो नाही. ‘‘हौदावर सात फळ्या असतात,’’ ते टेबलाकडे बघत म्हणाले. ‘‘काम झालं की टाकायच्या. त्या दिवशी टाकायची पाळी माझी होती.’’ एवढं बोलून त्यांनी पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं. त्यांच्याकडून एवढंच येणार होतं हे बहिणीला माहीत होतं, आणि अण्णांच्या मानानं ते पुष्कळ होतं.

या सगळ्यात भिंगरीचं एकच अडलं होतं. ती ब्रश घेऊन माईंच्या खुर्चीशी गेली.

‘‘म्हणजे मला तुझं कोड आहे?’’

‘‘हो गं. माझंच.’’

‘‘मग लाड?’’

‘‘तेही माझेच,’’ माई म्हणाल्या, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून आले. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी, फिक्या जागेवर, त्यांनी बोट ठेवलं. पोरीनं ते हळूच बाजूला केलं, कारण तिला तिथे गुदगुल्या व्हायच्या.

आत्यानं तोंड धुतलं आणि ती आईजवळ येऊन उभी राहिली. माईंनी वर पाहिलं. ‘‘रागावलीस?’’

‘‘रागावणार आहे,’’ आत्या म्हणाली. ‘‘नीट, वेळ काढून. पण आज तुझी नखं कापायचीत. हातात कात्री असताना रागावू नये.’’

माईंनी मुकाट्यानं हात पुढे केला. आत्यानं तो लगेच धरला नाही. थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग त्यांच्या मांडीवर परत ठेवला. म्हणाली, की संध्याकाळी कापू.

कागदावर आता तीन कोरे आकार होते आणि एक वर्तुळ अजून कुणी शिवलंच नव्हतं. भिंगरीनं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आत्याचं. तिला कुठलाच रंग पसंत पडेना. हिरवा आईला दिला, निळा आप्पांना दिला, उरलेला जांभळा मळका दिसतो. खाली फडताळात पुष्कळ बाटल्या आहेत, आपण जाऊन निवडू, असं तिनं जाहीर केलं.

अण्णा किल्ली घेऊन उठले.

‘‘तुम्ही बसा, अण्णा,’’ नवी सून म्हणाली. तिनं किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि आत्यापुढे धरली. ‘‘आत्या नेतील तिला.’’

आत्यानं किल्लीकडे पाहिलं, मग सुनेकडे. ‘‘एकटी?’’

‘‘एकट्याच.’’

चष्मेवाल्यानं बायकोकडे पाहिलं आणि मान डोलावली. अण्णांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. आत्यानं किल्ली घेतली, भिंगरीचा हात धरला आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळली.

‘‘तिकडून कुठे?’’ भिंगरीनं तिला ओढलं. ‘‘जिना इकडे आहे.’’

आतल्या जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. आत्याला आकडा पाठ होता, पण पाय विसरले होते. ती एकेक पायरी चाचपत उतरली. खाली रविवारची शांतता होती. दोऱ्यांवर लडी टांगलेल्या, फरशी धुतलेली, हवेत ओल्या सुताचा वास. वास तोच होता. आत्याला वाटलं होतं, की तो आता सहन होणार नाही, आणि झालं असं, की तिनं पोट भरून श्वास घेतला.

हौद डाव्या हाताला होता. तिनं भिंगरीला आपल्या उजव्या बाजूला घेतलं आणि फळ्या मोजल्या. सात. मग वाकून एकेक फळी दाबून पाहिली. एकही हलली नाही.

‘‘आत्या, हात सोड ना. घाम आलाय. मला बाटल्या काढायच्यात.’’

आत्यानं हात सोडला. भिंगरी फडताळाशी गेली, खालच्या फळीवरून दोन बाटल्या घेऊन आली आणि दोन्ही तिच्यापुढे धरल्या. एकीत गडद गुलाबी, दुसरीतही गुलाबीच. ‘‘यातली कुठली तू? मला दोन्ही सारख्याच दिसतात.’’

सारख्या नव्हत्या. एकीत किंचित निळसर झाक होती. पण खात्री करायची तर उजेडात धरून बघायला हवं होतं, आणि खिडकी हौदाच्या समोरच्या भिंतीला होती. म्हणजे तोंड तिकडे करायचं. पाठ हौदाकडे.

आत्या बाटल्या घेऊन तशीच उभी राहिली.

‘‘भिंगरी,’’ ती म्हणाली, ‘‘मी रंग बघते. तोवर तू बोलत राहा. थांबू नकोस.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘काहीही.’’

भिंगरीला असं कुणी आजवर सांगितलं नव्हतं. तिनं शाळेतल्या बाकापासून सुरुवात केली. शेजारच्या मुलीचा पडलेला दात, तो दात हरवल्यावर सगळ्या वर्गानं केलेला शोध, मग बाईंची चिठ्ठी, मग कोड म्हणजे काय ते आपण सगळ्यांना परत नीट कसं सांगणार आहोत, ते. आत्यानं तिचा आवाज कुठून येतो आहे ते ऐकून घेतलं. मग ती वळली, खिडकीशी गेली आणि दोन्ही बाटल्या उजेडात धरून सावकाश बघू लागली.